पाना उचलण्याआधी

ताडपत्री ओढून काढली तेव्हा धुळीचा लोट उठला आणि तो खाली बसेपर्यंत गाडीचा फक्त पुढचा भाग दिसत होता: दोन गोल दिवे, त्यांच्यामध्ये उभ्या पट्ट्यांची क्रोमची जाळी आणि जाळीच्या मधोमध एमजीचे अष्टकोनी बोधचिन्ह. १९६६ सालची एमजीबी, उघड्या टपाची, दोन आसनांची. चौदा वर्षे ती एका शेडमध्ये उभी होती. चारही टायर बसले होते, टपाचे कापड घड्यांवर फाटले होते आणि डाव्या दाराखाली जमिनीवर तपकिरी चुऱ्याची एक बारीक रेघ पडली होती. त्या रेघेकडे मी त्या दिवशी लक्ष दिले नाही. माझा सगळा जीव बॉनेटखाली काय आहे यात अडकला होता.

पुढच्या दोन तासांत मी जे काही केले ते जवळजवळ सगळेच चुकीचे होते आणि ते सांगितल्याशिवाय पुढची हकिकत नीट कळणार नाही. आतला गालिचा हाताला दमट लागला म्हणून आसने काढून ठेवावीत असे मनात आले आणि गंजलेल्या बोल्टांना तेलाचा थेंबही न लावता मी पाना लावून जोर दिला. डाव्या आसनाच्या चार बोल्टांपैकी दोन मुंडीपाशी तुटले आणि तिसऱ्याचा खालचा नट पत्र्यातून सुटून बोल्टबरोबरच गरगर फिरू लागला. मग गाडीखाली वाकून पाहता यावे म्हणून दाराखालच्या पट्ट्याला ट्रॉली जॅक लावला. दांडा चार-पाच वेळा दाबल्यावर पत्रा कुरकुरला, चाक मात्र जमिनीवरच राहिले, आणि दहा मिनिटांपूर्वी एका बोटाने उघडणारे डावे दार काही केल्या उघडेना. जॅक उतरवला, दार मोकळे झाले. पुन्हा चढवला, पुन्हा अडकले. तीनदा हाच प्रकार झाल्यावर मी जॅक बाजूला ठेवला, दिवा मालवला आणि घरी आलो.

दार का अडकले हे समजून घेण्यासाठी या गाडीची बांधणी समजून घ्यावी लागते. तिच्या आधीच्या एमजीएला वेगळी पोलादी चासी होती आणि तिच्यावर बॉडी बसवलेली असे. १९६२ मध्ये आलेल्या एमजीबीत ही पद्धत सोडून देण्यात आली आणि बॉडीचा पत्रा हाच गाडीचा सांगाडा झाला. बंद गाडीत छत आणि खांब काही भार उचलतात. उघड्या गाडीत वर काहीच नसते, त्यामुळे पुढच्या आणि मागच्या चाकांमधला बहुतेक ताण दोन्ही दारांखालच्या पेटीवजा पट्ट्यांवर आणि दोन आसनांमधून जाणाऱ्या पत्र्याच्या बोगद्यावर येतो. या पट्ट्याला सिल म्हणतात, म्हणजे सरळ मराठीत उंबरा. घराचा उंबरा झिजला म्हणून घर खचत नाही. या गाडीचा उंबरा कुजला की गाडी मधोमध झुकते, दाराची चौकट वरच्या बाजूला आवळली जाते आणि दार तिच्यात चेपून बसते. माझ्या जॅकने त्या संध्याकाळी एवढेच दाखवून दिले की जिला मी धूळ खात पडलेली पण धडधाकट गाडी समजत होतो, तिचा कणाच शिल्लक नव्हता.

एमजीबी निवडण्यामागे मात्र विचार होता आणि तो आजही मला योग्य वाटतो. इंग्लंडमधील ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात ही गाडी तयार झाली आणि बंद छताची जीटी धरून तिचा आकडा पाच लाखांच्या वर गेला. इतक्या मोठ्या संख्येने विकली गेल्यामुळे तिचे सुटे भाग आजही नवे मिळतात. इतकेच नव्हे, तर १९८८ पासून मूळ साच्यांवर ठोकलेली तिची संपूर्ण बॉडीसुद्धा पुन्हा उपलब्ध झाली. पहिलीच जुनी स्पोर्ट्स कार हाती घेणाऱ्याने दुर्मीळ गाडीच्या मोहात पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दुर्मीळ गाडीचे दाराचे एक हँडल हरवले तर काम वर्षभर खोळंबू शकते, आणि खोळंबलेले काम पुन्हा सुरू करणे हे नवे काम सुरू करण्यापेक्षा अवघड असते.

दुसऱ्या दिवशी मी स्वतःला एक अट घातली. तीन आठवडे गाडीचा एकही भाग सुटा करायचा नाही. फक्त पाहायचे, मोजायचे, फोटो काढायचे आणि वहीत लिहायचे. ज्यांनी हे केले नसेल त्यांना ते कंटाळवाणे वाटेल, पण त्या तीन आठवड्यांत गाडीने जेवढे सांगितले तेवढे नंतर पाना हातात घेऊन कळले नसते.

सुरुवात क्रमांकांपासून केली. बॉनेटखालच्या पाटीवरचा चासी क्रमांक ‘जीएचएन३’ या अक्षरांनी सुरू होतो. त्यातला ‘जी’ म्हणजे एमजी, ‘एच’ म्हणजे इंजिनाच्या आकाराचा गट, ‘एन’ म्हणजे दोन आसनी उघडी गाडी, आणि ३ हा त्या मालिकेचा आकडा. ‘एन’च्या जागी ‘डी’ असता तर गाडी जन्मतः जीटी होती असे म्हणावे लागले असते. इथवर सगळे जुळले. इंजिनावरच्या पाटीवर मात्र ‘१८जीबी’ अशी अक्षरे अपेक्षित असताना ‘१८व्ही’ दिसले. हे इंजिन १९७० च्या दशकातले. म्हणजे मधल्या काळात कधीतरी कोणीतरी मूळ इंजिन काढून नंतरच्या गाडीचे बसवले होते. आकार तोच, १,७९८ सीसी. घराणेही तेच, बी-सीरिज. तरीही थोडा विरस झाला, हे कबूल करतो. पुढे गालिचा उचलला आणि डॅशबोर्डच्या मागे टॉर्च मारली तेव्हा दुसरी गोष्ट कळली: बाहेरून लाल असलेली ही गाडी आतल्या कोपऱ्यांत गडद हिरवी होती. ज्या जागा रंगारी सहसा झाकत नाही, तिथे गाडी आपला मूळ रंग जपून ठेवते. गेडन येथील ब्रिटिश मोटर म्युझियम कारखान्याच्या नोंदींवरून अशा गाड्यांचा दाखला देते. त्यात बांधणीची तारीख, मूळ रंग आणि मूळ इंजिनाचा क्रमांक असतो. मी तो मागवला. रंग ब्रिटिश रेसिंग ग्रीनच निघाला.

मग पत्र्याची पाहणी. यासाठी लागलेली साधने हास्यास्पद वाटावीत इतकी साधी होती: कापडात गुंडाळलेले एक छोटे लोहचुंबक, प्लॅस्टिकच्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर आणि खडू. चुंबक पत्र्याला जिथे चिकटते तिथे लोखंड आहे. जिथे घसरून पडते तिथे रंगाखाली पुट्टी आहे. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत गेले की धड पत्रा खणखणीत वाजतो आणि कुजलेला बद्द. ज्या जागा बद्द वाजल्या त्यांच्याभोवती मी खडूने रेघ ओढत गेलो, आणि संध्याकाळी उभा राहून पाहिले तर डावी बाजू लहान मुलाने पाटीवर गिरगोटा करावा तशी दिसत होती. पुढच्या चाकामागचा मडगार्डचा खालचा कोपरा, दारामागचा वळणाचा तुकडा, आसनांमागे जमिनीत बसवलेल्या बॅटरीच्या दोन्ही पेट्या आणि अर्थात सिल. उजवी बाजू तुलनेने बरी होती, तुलनेने, एवढेच.

सिलच्या मागच्या टोकाशी पत्र्याचा एक पापुद्रा आधीच सुटलेला होता. तो किंचित उचलून आत टॉर्च मारली, तर आत आणखी एक सिल दिसले. म्हणजे कोणीतरी कुजलेले सिल कापून काढण्याऐवजी त्याच्यावरच नवे सिल चढवून कडेने वेल्डिंग केले होते आणि सांध्यावर पुट्टी ओढून रंग मारला होता. बाहेरून गुळगुळीत, आतून पोकळ. असे काम करणाऱ्यावर रागवावेसे वाटते, पण त्याने ते बहुधा गाडी आणखी एक-दोन वर्षे रस्त्यावर राहावी म्हणून केले असेल. नुकसान असे होते की दोन पत्र्यांच्या मधल्या फटीत पाणी शिरते, बाहेर पडण्याची वाट राहत नाही आणि नवा पत्राही जुन्याच्या संगतीने आतून सडतो.

गंज कुठे लागतो हे पाहत गेले की तो का लागतो हेही कळते. लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आली की गंज सुरू होतो, आणि मिठाचा अंश असेल तर वेग वाढतो. पण मोकळ्या, धुतल्या जाणाऱ्या, वारा लागणाऱ्या पत्र्यावर तो सहसा वरवरच राहतो. खरा घात होतो तो बंद जागांत. एमजीबीच्या पुढच्या मडगार्डच्या आत चाकामागे एक आडवा पडदा असतो आणि त्याच्या कडेला रबराची पट्टी. ती पट्टी कडक होऊन निसटली की चाकाने उडवलेला चिखल पडद्यामागे जाऊन सिलच्या तोंडाशी साचतो. तो वर्षानुवर्षे ओला राहतो. सिलच्या तळाची पाणी निघून जाण्याची भोकेही त्याच चिखलाने बुजतात. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून दोन पत्र्यांच्या सांध्यात शिरलेला गंज सांधा पाचरीसारखा फाकवत नेतो. माझ्या डाव्या मडगार्डामागून जवळजवळ अर्धी बादली माती निघाली. जमिनीवरच्या त्या तपकिरी रेघेचे उगमस्थान तेच होते.

या पाहणीनंतरच गाडीचे नेमके काय करायचे हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारता आला. प्रदर्शनात मांडण्याजोगी, प्रत्येक बोल्ट कारखान्यातून निघाला तसा असलेली गाडी करायची, की सुरक्षित, मजबूत आणि वापरता येणारी? पहिल्या वाटेने जायचे तर मूळ इंजिनाचा शोध घ्यावा लागला असता आणि गाडी शेवटच्या स्क्रूपर्यंत उघडावी लागली असती. मी दुसरी वाट धरली. संपूर्ण उघडलेल्या गाडीचे अर्धवट सोडून दिलेले सांगाडे मी पुष्कळ पाहिले आहेत. खोक्यांत भरलेले भाग, पाटी नसलेल्या पिशव्या आणि ‘पुढच्या हिवाळ्यात बघू’ म्हणणारा मालक. माणसाचा उत्साह सहसा गंजाने संपत नाही, तो खोक्यांनी संपतो. म्हणून क्रम असा ठरवला की आधी सांगाडा, मग ब्रेक आणि सुकाणू, मग इंजिन आणि वायरिंग, आणि रंग सर्वांत शेवटी. एका वेळी एकच भाग उघडायचा आणि तो मिटवल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. गाडी लाल राहणार की हिरवी होणार हे अजून ठरलेले नाही, आणि ते आज ठरवण्याची गरजही नाही.

फोटोंविषयी थोडेसेच सांगतो. ज्याचा फोटो काढायची गरज नाही असे वाटते, नेमक्या त्याच गोष्टीचा फोटो काढावा. ब्रेकची नळी कोणत्या बाजूने जाते, वायरची जुडी कोणत्या चिमट्याखालून जाते, वायशर बोल्टच्या मुंडीखाली आहे की नटाखाली, हे सगळे उघडताना इतके उघड दिसते की विसरणार नाही अशी खात्री वाटते. सहा महिन्यांनी त्यातले काहीही आठवत नाही. जो बोल्ट ज्या भोकातून निघाला तो शक्य असेल तिथे त्याच भोकात सैलसर परत बसवून ठेवणे ही मी ऐकलेली सर्वांत उपयुक्त सूचना. नाहीतर झिप असलेली पिशवी आणि आत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी. पिशवीवर मार्करने लिहिलेली अक्षरे तेलकट बोटांनी पुसली जातात.

पान्यांचाही एक धडा मिळाला. ही गाडी इंची मापांची आहे. माझ्याकडचे सगळे पाने मिलिमीटरचे, आणि अर्ध्या इंची मुंडीवर १३ मिलिमीटरचा पाना बसतो, कारण अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. तो बसतो म्हणूनच धोका आहे. सैल बोल्टवर तो काम भागवतो, गंजलेल्या बोल्टवर मात्र कोपरे घासून मुंडी गोल करून टाकतो. आसनांच्या बोल्टांची मी जी दशा केली तिच्यात या फरकाचाही वाटा होता. आता इंची पान्यांचा पूर्ण संच आहे आणि शक्य तिथे सहा कोनी सॉकेटच वापरतो. प्रत्येक जुन्या बोल्टला आदल्या दिवशी गंज सोडवणारे तेल लावायचे, दुसऱ्या दिवशी आधी किंचित आवळून पाहायचे आणि मगच सोडवायचे. आवळल्याने आट्यांतला गंज तडकतो.

इंजिनाला हात लावायचा नाही असे ठरले होते, पण ते जिवंत आहे की नाही हे कळल्याशिवाय कामाचा अंदाज बांधता येत नव्हता. म्हणून तेवढी एक सवलत घेतली. चौदा वर्षे उभ्या असलेल्या इंजिनाला नवी बॅटरी जोडून थेट स्टार्टर मारणे हा ते मोडण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला चिकटलेल्या असू शकतात आणि तेल तर केव्हाच ओघळून खाली गेलेले असते. मी चारही प्लग काढले, प्रत्येक भोकातून स्वयंचलित गिअरबॉक्सचे तेल आणि ॲसिटोन यांचे थोडे मिश्रण सोडले आणि आठवडाभर गाडीकडे पाहिले नाही. नंतर टायरांत हवा भरून, चौथा गिअर टाकून, गाडी हाताने मागे-पुढे डोलवली. पहिल्या दिवशी काहीच नाही. दुसऱ्या दिवशी आणखी तेल. तिसऱ्या दिवशी बॉनेटखालचा पंखा बोटभर हलला, थांबला, आणि पुढच्या धक्क्याला एक पूर्ण फेरा फिरला. त्या क्षणी शेडमध्ये मी एकटाच होतो, आणि ते बरेच झाले, कारण मी मोठ्याने ओरडलो होतो.

त्यानंतर तेल आणि फिल्टर बदलले, प्लग बाहेरच ठेवून स्टार्टरने इंजिन फिरवले आणि तेलाच्या दाबाचा काटा जागेवरून उठेपर्यंत थांबलो. मग कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजले. पहिला, दुसरा आणि चौथा सिलिंडर १४५ ते १५० पीएसआयच्या दरम्यान, तिसरा मात्र ११५. तिसऱ्यात चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजले तर आकडा १४० पर्यंत चढला. तेलाने आकडा वाढतो तेव्हा दाब व्हॉल्व्हमधून नव्हे, तर पिस्टनच्या रिंगांच्या कडेने निसटत असतो, कारण तेल तात्पुरते ती फट बुजवते. चिकटलेल्या रिंगा काही तास चालल्यावर मोकळ्या होण्याचीही शक्यता असते. तेव्हा इंजिन उघडायचे नाही, असे वहीत लिहून मी तो विषय मिटवला.

पेट्रोलची टाकी मात्र काढावीच लागली. ती डिकीच्या तळाखाली बोल्टने लटकवलेली असते. टाकीचा माथा आणि डिकीचा तळ यांच्या फटीत ओल धरून राहते आणि टाकी वरून कुजते, त्यामुळे खालून पाहणाऱ्याला ती उत्तम दिसते. माझ्या टाकीच्या माथ्यावर टाचणीच्या टोकाएवढी सात भोके होती. आतले पेट्रोल वार्निशसारखे घट्ट होऊन आंबट वासाचे झाले होते. तशीही वेल्डिंगच्या ठिणग्या उडणार असताना टाकी गाडीत ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा अधिक धोकादायक, कारण तिच्यात वाफा असतात. पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या दोन्ही एसयू कार्बोरेटरांच्या आतले छोटे पिस्टनही वर अडकून बसले होते. घुमट काढून, स्वच्छ करून परत बसवल्यावर पिस्टन बोटाने उचलून सोडला की खाली येऊन ‘टक’ असा आवाज करू लागला. तो आवाज आला की कार्बोरेटरचे निम्मे काम झाले असे समजावे.

विजेच्या बाबतीत या सालच्या गाडीत एक खोच आहे. हिची बॅटरी उलट्या पद्धतीने जोडलेली असते, म्हणजे धन टोक बॉडीला. १९६७ नंतरच्या गाड्यांत ऋण टोक बॉडीला आले. शिवाय बॅटरी एक नसून दोन, सहा-सहा व्होल्टच्या, आसनांमागे. सवयीने बॅटरीचे ऋण टोक बॉडीला जोडणाऱ्याची इथे हमखास फसगत होते. वायरिंग लुकास या ब्रिटिश कंपनीचे आहे आणि लुकासला लोक हौसेने नावे ठेवतात, पण तिची रंगांची भाषा एकदा शिकली की तिच्याइतके समजूतदार वायरिंग नाही: तपकिरी थेट बॅटरीकडून, पांढरी किल्ली फिरवल्यावर जिवंत होणारी, हिरवी त्याच प्रवाहाची पण फ्यूजनंतरची, निळी मोठ्या दिव्यांची, लाल बाजूच्या आणि मागच्या दिव्यांची, काळी बॉडीला. माझ्या गाडीतला घोळ लुकासचा नव्हताच. नंतर कोणीतरी रेडिओपासून पंख्यापर्यंत सगळ्यासाठी एकाच लाल रंगाची वायर वापरली होती आणि सांध्यांना चिकटपट्टी गुंडाळली होती. संपूर्ण गाडीला मुळात दोनच फ्यूज असताना असे सांधे म्हणजे आगीला आमंत्रण. सध्या बॅटरी गाडीत ठेवतच नाही.

ब्रेकबद्दल मात्र मी कोणतीही काटकसर मान्य करत नाही. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषून घेते आणि तो ओलावा आतून सिलिंडर गंजवतो. रबरी नळ्या बाहेरून ठीक दिसल्या तरी आतून फुगून बंद होतात, आणि मग दाबलेला ब्रेक सुटत नाही. या गाडीत चारही चाकांसाठी तेलाचा मार्ग एकच आहे. एक नळी फुटली की पायाखाली काहीच उरत नाही. त्यामुळे मास्टर सिलिंडर, चाकांचे सिलिंडर, नळ्या आणि लायनिंग यांपैकी जुने काहीही ठेवायचे नाही असे ठरवून टाकले. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ड्रममधली धूळ फुंकून किंवा हवेच्या दाबाने उडवायची नाही. ओल्या फडक्याने पुसून फडके बंद पिशवीत टाकायचे.

या सगळ्यात मी सर्वांत आधी काय विकत घेतले असेल, तर लाकडी सुकाणू-चाक. गाडी शेडमधून बाहेरही आली नव्हती तेव्हा. ते आजही कपाटावर कागदात गुंडाळलेले आहे आणि घरात कोणी गाडीच्या खर्चाचा विषय काढला की नजर आधी तिकडेच जाते.

चौथ्या आठवड्यात, जुन्या गाड्यांच्या पत्र्यात हयात घालवलेले एक काका गाडी पाहायला आले. त्यांनी खडूच्या रेघा पाहिल्या, दार दोनदा उघडून मिटले, खाली बसून सिलवर अंगठा दाबला आणि विचारले, “कापायला घेतलं नाहीत ना अजून?”

“नाही काका. तुम्ही सांगाल तसं.”

“मग आधी आतून बांधा हिला. आणि दार लावून बांधा, काढून नका. दार हेच माप आहे आपलं.”

त्यांचे म्हणणे असे की सिल कापले की दाराची चौकट सैल होते आणि त्या अवस्थेत नवे सिल वेल्ड केले तर गाडी जशी झुकली असेल तशीच कायमची घट्ट होते. नंतर कितीही ठोकपीट केली तरी दार नीट बसत नाही. म्हणून कापण्याआधी दाराच्या पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत चौकोनी नळीचा आडवा आधार द्यायचा, तोही आतल्या बाजूने, म्हणजे दार बसवलेलेच राहते आणि हवे तेव्हा मिटून फट मोजता येते. आधार देण्यापूर्वी गाडी पुढच्या क्रॉसमेंबरखाली, म्हणजे पुढच्या आडव्या तुळईखाली, आणि मागच्या ॲक्सलखाली स्टँड देऊन समतल केली आणि दाराची फट वर-खाली सारखी होईपर्यंत मध्ये हलक्या हाताने जॅक दिला. फट मोजायला काकांनी ड्रिलचे बिट वापरले: चार मिलिमीटरच्या बिटाचा दांडा वरून खालपर्यंत सरकला पाहिजे, पाचचा कुठेही शिरता कामा नये.

मडगार्ड बोल्टचे असल्यामुळे ते सोडवता आले. बाहेरचे सिल, त्याच्या आतले जुने सिल, मधला उभा पडदा आणि खालची कॅसल रेल, जिला किल्ल्याच्या तटासारखा आडवा-उभा दुमड असतो, असे थर एकेक करून निघाले. पडद्याचा खालचा अर्धा भाग हातात धरताच पापुद्र्यांनी गळून पडला. एका वेळी एकच बाजू, हा काकांचा नियम. दुसऱ्या बाजूला ते हात लावू देत नाहीत. वेल्डिंगही सलग ओढत नाहीत. इथे एक टाका, मग हातभर दूर दुसरा, मग परत मागे, कारण एकाच जागी उष्णता साचली की पातळ पत्रा तिथे आवळून घेतो आणि फट पुन्हा बिघडते. झाकल्या जाणाऱ्या प्रत्येक कडेला आधी जस्ताचा प्रायमर. मी दोन रविवार भंगार पत्र्यावर टाके मारायचा सराव केला. माझे टाके काकांच्या मते ‘दिसायला वाईट, धरायला बरे’ आहेत, आणि त्यांनी मला आतल्या पडद्याचे सहा टाके मारू दिले.

गेल्या रविवारी डावी बाजू पूर्ण झाली. आतला आधार तसाच ठेवून दार मिटले आणि चार मिलिमीटरचा बिट वरून खाली सरकवला. वरच्या कोपऱ्यापाशी तो किंचित अडला. काकांनी बिजागरीचा एक बोल्ट सैल करून दार केसभर मागे घेतले आणि पुन्हा आवळला. बिट सरकला. मग मी जॅक आणला, नव्या सिलच्या जॅकच्या जागेखाली लावला आणि दांडा दाबायला सुरुवात केली. पत्रा कुरकुरला नाही. चाक जमिनीपासून सुटले, बोटभर, मग चार बोटे, आणि काकांनी एका बोटाने दार उघडून दाखवले. उजवी बाजू आम्ही येत्या शनिवारी बांधायला घेणार आहोत.